रजईत मावणारी ढगुली

आमच्या खालच्या मजल्यावर ढग राहतात. थाप नाही मारत. रजईवाली वहिनी यंत्रावर कापूस पिंजायला बसली की खोलीभर पांढरं तरंगायला लागतं, खिडकीतलं ऊन जाडसर होतं आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. माझा सोडून.

त्या ढगांत तिची सहा वर्षांची लेक बसलेली असायची. तिला ढगुली हे नाव मी ठेवलं. गोबरे गाल, सुजल्यासारखे डोळे, हात बारा महिने गार. "काय चाललंय गं?" असं विचारून मी जिना चढून घरात शिरलो की खालून उत्तर यायचं, "काही नाही, काका."

हे ती बरी असली तर. नाहीतर सर्दी, सर्दीमागून कान, कानामागून ताप. इमारतीत कुठलंही दुखणं आलं की इतर पोरांकडे उभ्याउभ्या भेट द्यायचं आणि मुक्कामाला ढगुलीकडे जायचं.

वहिनीच्या सासूबाईंचा निकाल तयार होता. "कापसाची धूळ बसलीय छातीत. लेकरू हवं की कापूस, ठरव एकदाचं!"

वहिनीने ठरवलं. यंत्र विकत घ्यायला माणूस येणार होता. वडिलांनी तिला या यंत्रावर बसवलं तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आता ती येताजाता त्याच्यावरून हात फिरवायची, दावणीच्या म्हाताऱ्या गाईवरून फिरवावा तसा.

गिऱ्हाईक कोण, ते काढून घ्यायला मी दुपारी खाली उतरलो. निमित्त उशीचं. ढगुली तापातून उठून पुन्हा झोपली होती. पोरीचे पाय बाहेर यायला लागले की वहिनी तिच्यासाठी नवी रजई शिवते आणि जुनी आमच्याकडे येते. आमची मांजर त्यांच्यावरच वाढली.

"वहिनी, मांजर विचारतेय, यंदा रजई नाही का?"

"गरजच नाही पडली, भाऊजी. मागचीच पुरतेय."

"गुणाची पोर! अंथरूण पाहून पाय पसरते. तुमच्या नवऱ्याला शिकवा जरा."

वहिनी उधारी ठेवणारी नाही, टोला लगेच परत करते. त्या दिवशी मात्र तिची सुई टाक्यातच राहिली. ती उठली, रजईची कड पोरीच्या हनुवटीला लावली आणि पायाशी हात ठेवला. पायांपुढे कापड तसंच उरलं होतं.

"दोन वर्षं झाली, भाऊजी. पाय इथेच आहेत." मग हळूच म्हणाली, "धुळीने खोकला येईल. उंची कशी थांबेल?"

गिऱ्हाइकाला तिने थांबायला सांगितलं. आम्ही पोरीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो, पुराव्याची रजई माझ्या खांद्यावर. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल आल्यावर समजावलं.

"गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावलीय. तिच्या रसावर हाडं वाढतात. आजाराशी लढणाऱ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात, त्यातल्या काही छातीच्या हाडामागे जाऊन तयार होतात. हा रस कमी पडला तर ती तयारीही रेंगाळते, असं उंदरांत दिसलंय. माणसांत कितपत, ते अजून शोधताहेत. त्यामुळे सगळ्या सर्दीचं खापर मी या ग्रंथीवर फोडणार नाही. पण गोळी लागेलच."

"म्हणजे शिपाईसुद्धा रजईत झोपलेत," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"शेजारी."

"वाटलंच."

"आणि धूळ, बाई?" वहिनीचा आवाज कापसासारखा झाला होता.

"पोरीला धुळीत बसवू नका. यंत्र वेगळ्या खोलीत ठेवा. पण उंची धुळीने थांबलेली नाही."

यंत्र मागच्या खोलीत गेलं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. सासूबाई पुटपुटत राहिल्या, "एवढीशी गोळी काय करणार?" सर्दी अजूनही येते, पण आता घड्याळ बघत बसते आणि निघून जाते. आणि ढगुली? परवा मी "काय चाल..." म्हणतोय तोवर म्हणाली, "काका, शर्ट उलटा घातलाय!"

नंतर एका दुपारी सासूबाईंची हाक जिनाभर घुमली, "अगं, पोरीचे पाय उघडे पडलेत! गारठतील! नवी रजई कर की!"

मी धावत खाली गेलो. रजईच्या कडेबाहेर दोन पावलं उन्हात पडली होती. वहिनी पांघरूण ओढायचं सोडून नुसती बघत उभी होती.

मग मागच्या खोलीत यंत्र घरघरलं, आणि बंद दाराखालून एक ढग हळूच बाहेर आला.