काका, काही राहिलं का?

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला की आमच्या आयसीयूतली ओव्हर संपायची. ओव्हर म्हणजे ड्युटी संपवून निघालेली नर्स येणाऱ्या नर्सला पेशंटची माहिती देते ती. पुंडलिकनगरला राहणाऱ्या आमच्या नर्स मुलींनी मिळून एकच रिक्षा लावलेली, आणि रिक्षावाले हमीदभाई हॉर्नवर बसल्यासारखे वाजवायचे. मग काउंटरवर पर्स खांद्याला अडकवता अडकवता, "तीन नंबर सेम, पाच नंबर सेम, चल, बाय!" या 'सेम'ची मला भयंकर चीड होती. आयसीयूत काही सेम नसतं.

मी तिथली इनचार्ज. मी ठरवलं, ओव्हर पेशंटच्या कॉटजवळच द्यायची आणि शेवटी पेशंटला विचारायचं, "काही राहिलं का?"

मेट्रन हसल्या. "घशात नळी असलेला माणूस काय सांगणार तुम्हाला?"

"मान तर हलवेल, मॅडम."

"आणि रिक्षा?"

हा प्रश्न मात्र खरा होता. मी स्वतः खाली गेले. हमीदभाई म्हणाले, "रुक जाता मैं, सिस्टर, पर औरंगपुरे की सवारी जाती मेरी."

"आणि माझा पेशंट गेला तर?"

त्यांनी चावी फिरवून रिक्षा बंद केली. "ठीक है, रुकता. मगर हॉर्न बजाऊंगा."

मुलींनी तोंडं वाकडी केली. शबाना तर पहिल्याच दिवशी तीन नंबरच्या उशाशी उभी राहून कुरकुरली, "सिस्टर, घरी माझं लेकरू वाट बघतंय हो." तिचं खोटं नव्हतं. पण मी ढिम्म हलले नाही.

तीन नंबरला पाचोडचे एक मेंढपाळ काका होते. न्यूमोनिया झालेला, व्हेंटिलेटरवर, औषधाच्या गुंगीत. पुढे गुंगी उतरली, पण ताप परत चढला. डॉक्टरांनी नवं अँटिबायोटिक लिहिलं, पेनिसिलिनच्या जातीतलं. ते दुपारच्या ड्युटीत सुरू होणार होतं.

शबाना ओव्हर देत होती, रोहिणी घेत होती, मी मागे उभी. "अॅलर्जी काही नाही. आता पेनिसिलिन सुरू करायचंय." खाली हॉर्न वाजला. शबानाने घाईघाईत विचारलं, "काका, काही राहिलं का?"

काकांनी कॉटचा कठडा धाडधाड वाजवला.

"दुखतंय का?" नाही. त्यांनी दंडाला सुई टोचल्याची खूण केली. मग अंग खाजवून दाखवलं. मग गळ्याला हात लावला.

"असं इंजेक्शन आधी घेतलं होतं? त्रास झाला होता?" रोहिणीने विचारलं. काकांनी जोरजोरात मान हलवली.

मी बाहेरून मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बोलावलं. "व्हय बाई! गावात पेनसिलीनची सुई दिली, तं तोंड ह्येऽवढं सुजलं. दम लागला लई. डाक्टर म्हनले, परत कदी घ्यायचं नाय."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलंच नाय."

काकांना बेशुद्ध असताना पुतण्याने आणलं होतं. अॅलर्जी नाही, असं तो बिचारा अंदाजाने बोलून गेला. तेच 'नाही' प्रत्येक ओव्हरमध्ये पुढे सरकत आलं. असं औषध देण्याआधी थोडंसं टोचून टेस्ट करतात हे खरं, पण अशा माणसाला ती टेस्टसुद्धा महागात पडू शकते.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बदललं. खाली हॉर्न वाजतच होता. "वाजू दे," शबाना म्हणाली, आणि काकांचा हात धरून उभी राहिली.

काका सुधारले. नळी निघाली. वॉर्डात हलवायच्या दिवशी शबानाने नेहमीसारखं विचारलं, "काका, काही राहिलं का?"

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट. "राह्यलं की. रिक्षा कवाची बोंबलतीय तुमची. जा घरी, लेकरू वाट बघत आसंल."

शबाना माझ्याकडे बघत राहिली. लेकराचं ती बोलली होती, तेव्हा काका गुंगीत होते. निदान आमची तशी समजूत होती.

तेव्हापासून नव्या मुलींना मी एकच सांगते. कॉटवरचा माणूस ऐकत असतो, त्याच्या कामाचं बोला.