शिक्का मारलेला फोटो

मारेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे. नोटिसा काढायचं काम माझ्याकडे. कॉम्प्युटरवर टाइप करायची, प्रिंट काढायची, प्राचार्यांची सही घ्यायची, गोल शिक्का हाणायचा आणि कागद टेबलावर चपटा करून मोबाइलने फोटो काढायचा. तो फोटो विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. नुसता टाइप केलेला मजकूर टाकायला बंदी होती. एकदा कोण्या पोट्ट्यानं सुट्टीची खोटी नोटीस टाइप करून फिरवली आणि अर्धं कॉलेज घरी बसलं. तेव्हापासून हुकूम होता, शिक्का दिसला तरच नोटीस खरी. मलाही तो पटला होता. शिक्का मारायला मला आवडतं, खोटं कायले बोलू.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती, जन्मापासून दृष्टी नसलेली. शेअर जीपने एकटी यायची. मोबाइल तिला सगळं बोलून दाखवायचा, आणि ती तो इतक्या वेगात ऐकायची की मला एक शब्द कळायचा नाही. कॉलेजच्या नोटिसा मात्र तिची मैत्रीण वाचून दाखवायची. ती मैत्रीण दिवाळीनंतर लग्न होऊन वणीला गेली. आम्हा ऑफिसवाल्यांना याचा पत्ताच नव्हता.

परीक्षेच्या आधी ती ऑफिसात आली. लेखनिकासाठी अर्ज द्यायचा होता. लेखनिक म्हणजे ती सांगेल ते उत्तरपत्रिकेवर लिहिणारा माणूस. त्याच्याशिवाय तिला पेपरला बसता येत नाही. अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते आणि माझा डबा उघडा होता.

“ग्रुपवर टाकलं होतं ना. पाहत नाही काय तू?”

माझं डोकं लवकर तापतं, आणि हे वाक्य तर तोंडात बसलेलंच. बोलून गेलो आणि मग माझं मलाच ऐकू आलं. ती रागावली नाही. तिने मोबाइल टेबलावर ठेवला, ग्रुप उघडला, मला कळावं म्हणून बोलण्याचा वेग कमी केला. मोबाइल बोलला, “फोटो.” तिने बोट सरकवलं. “फोटो.” पुन्हा सरकवलं. “फोटो.”

तीन वर्षांच्या नोटिसा मी तिला या एका शब्दात पाठवल्या होत्या. लेखनिकाची नोटीस तर अख्ख्या कॉलेजात तिच्या एकटीसाठी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सर, माझं साल जाईन काय?”

“नाही जाऊ देत,” मी म्हटलं. खात्री काडीची नव्हती.

प्राचार्य म्हणाले, विद्यापीठ उशिराचं कारण मागेल, पोरगी उशिरा आली असं लिहा. मी नाही म्हटलं. खुर्चीवर बसून टाइप केलं : ‘सूचना फोटोच्या रूपात दिल्यामुळे विद्यार्थिनीला ती मोबाइलवर ऐकता आली नाही. चूक कार्यालयाची आहे, विद्यार्थिनीची नाही. तरी अर्ज स्वीकारावा.’ प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. “मग सही तुमचीच करा,” म्हणाले. केली. मग त्यावर गोल शिक्का मारला.

ती बाहेर बाकावर बसून होती. “काय लिहिलं ते मले पाठवा ना, सर.”

मी सवयीने कागद चपटा केला, वर मोबाइल धरला, आणि तसाच थांबलो. माझ्यासारखा येडा मीच. मजकूर कॉपी करून पाठवला. तिने तो तिथेच लावला. शिपाई, प्राचार्य, फॉर्म भरायला आलेली पोरं, सगळ्यांसमोर मोबाइलने माझी चूक धडाधडा वाचून काढली. ती म्हणाली, “हे कोनं लिहिलं ते नाही यात.”

खरंच नव्हतं. माझं नाव फक्त सहीत होतं आणि सही कागदावर. मी खाली नाव टाइप करून पुन्हा पाठवलं.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठाचा होकार आला. प्राचार्यांनी कुरकुर करत मान्य केलं, फोटोखाली मजकूरही टाकायचा आणि त्याखाली माझं नाव. खोटी नोटीस निघाली तर जाब मला. तशी पहिली नोटीस परीक्षेच्या वेळापत्रकाची होती. पोरांनी नेहमीसारखे अंगठे दाखवले. तिचा निरोप मला वेगळा आला.

“सर, तीन वर्षांत पहिल्यांदा कॉलेजची नोटीस मी स्वतः वाचली.”

तीन वर्षं शिक्के मीच मारत होतो.