पाणी सोडणारी पेटी

गेटवरच्या गार्डचा फोन आला तेव्हा मी चहाचा कप नुकताच तोंडाला लावला होता. "दीदी, आपकी पेटी पानी छोड़ रही है," तो म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत त्याने फोन ठेवून दिला. पाणी सोडते ती मीठ लावलेली काकडी. मुंबईहून विमानाने आलेली, पिवळं लेबल लावलेली, पोटात शिशाचं भांडं असलेली पेटी पाणी सोडत नाही. तिच्यातून काही गळलंच, तर ते पाणी नसतं.

मी रायपूरच्या एका खाजगी इस्पितळात किरणोत्सारी औषधांच्या विभागात काम करते. ती औषधं धड येतात ना, रुग्णाला धड मिळतात ना आणि भलत्याच कुणाच्या अंगाला लागत नाहीत ना, एवढं बघायचं. पद मोठं, खुर्ची लहान. सगळा स्टाफ मला 'रेडिएशनवाली दीदी' म्हणतो आणि माझ्या टेबलाशी बसून कुणी समोसा खात नाही. त्याची मला सवय झाली आहे.

त्या पेटीत आयोडीन होतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर कापून काढला की मागे राहिलेल्या पेशी मारायला रुग्णाला हे किरणोत्सारी आयोडीन पाजतात. ते आपोआप दिवसागणिक कमी होत जातं, म्हणून मागवायचं ते ठरल्या दिवसापुरतंच. ते पाजणारे डॉक्टर बाहेरगावचे. महिन्यातून एकदा सकाळी यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे.

आणि ज्यांच्यासाठी ते मागवलं होतं, त्या काकू तिसऱ्या मजल्यावर शाल पांघरून बसल्या होत्या. नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, चालू होता. रायपुरात त्या दिवसांत कुत्रीसुद्धा नालीत बसून राहतात, आणि काकूंना थंडी वाजत होती. आयोडीन नीट लागू पडावं म्हणून त्यांच्या थायरॉइडच्या गोळ्या कितीतरी दिवस बंद ठेवल्या होत्या. वर खाण्यातून आयोडीन जायला नको म्हणून बाजारचं मीठ नाही, दही नाही, ताक नाही. चेहरा सुजलेला, पाटल्या मनगटात रुतलेल्या, आवाज जड झालेला. सदर बाजारातलं जुनं मराठी घर, नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेलं, माझ्या माहेरासारखंच. सकाळी मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "मले हुडहुडी भरून राहिली वो पोट्टी, अन् हे लोक पंखा लावून राहिले." मुलगा शेजारीच होता. तो म्हणाला, "मम्मी, आज हो जाएगा, फिर सब ठीक." आज झालं नसतं तर डॉक्टरांच्या पुढच्या फेरीपर्यंत सगळं पहिल्यापासून. गोळ्या चालू, पुन्हा बंद, पुन्हा सूज, पुन्हा ती शाल.

मी मोजयंत्र उचललं आणि गेटकडे पळाले. गार्डने गेट लावून घेतलं होतं आणि स्वतः लांब सावलीत उभा होता. उन्हात, गाडीच्या मागच्या दाराशी, एकटा ड्रायव्हर. अभनपूरकडचा माणूस, चाळिशीतला, विमानतळावरून आमच्या पेट्या तोच आणायचा. त्याचे हात ओले होते. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ भिजून लोंबला होता आणि एका कोपऱ्यातून थेंब पडत होते.

खोक्याभोवती यंत्र फिरवलं. जेवढा आकडा लेबलावर लिहिला होता तेवढाच दिसला. ओल्या कोपऱ्यावरून कापसाचा बोळा फिरवला, तो आत नेऊन वेगळा मोजला. काही नाही. परत येऊन ड्रायव्हरला म्हटलं, हात दाखव. त्याने दोन्ही हात प्रसाद घ्यायला धरावेत तसे पुढे केले. हातांवर काही नाही, शर्टावर नाही, चपलांवर नाही. यंत्र खाली करेपर्यंत तो श्वास रोखून उभा होता. मग हळूच म्हणाला, "दीदी, घर जाके नोनी ला उठा सकत हौं?" नोनी म्हणजे त्याची लहान मुलगी. म्हटलं, हो, खुशाल उचल. तरी तो हात शर्टाला पुसत राहिला.

खोका आत नेला. पेटीच्या आत थर्मोकोल, त्यात रसगुल्ल्याच्या डब्यासारखा सीलबंद टिनचा डबा, डब्यात कापूस, कापसात शिशाचं भांडं, भांड्यात काचेची कुपी. हातमोजे घालून, जाड काचेच्या आड, मी एकेक उघडत गेले. डबा आतून कोरडा. कापूस कोरडा, अगदी उशीतून काढल्यासारखा. कुपी भरलेली, बूच घट्ट. गळती शून्य. मला इतकं हायसं वाटलं की बाहेर टेबलाशी येऊन थंड झालेला चहा मी उभ्या उभ्याच पिऊन टाकला. वाटलं, संपलं.

कसलं संपलं. 'पेटी पानी छोड़ रही है' हे वाक्य गेटवरून निघून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत 'किरणं सुटली' झालं होतं. लिफ्ट बंद केली होती. कॅन्टीनवाल्याने शटर ओढलं होतं. आणि आमच्या प्रशासक साहेबांनी तोंडी हुकूम काढला होता की चौकशी पूर्ण होईपर्यंत ते आयोडीन कुणालाही द्यायचं नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. तेच मला जास्त झोंबलं. मग म्हणाले, "मैडम, अंदर सूखा है, मान लिया. तो पानी आया कहाँ से?"

"साधं पाणी आहे सर. मोजलंय मी."

"सादा पानी भी कहीं से तो आएगा ना."

मला राग याचा आला की प्रश्न चुकीचा नव्हता. पण आतलं औषध शाबूत आहे हे सिद्ध झाल्यावर बाहेरचं पाणी कुठलं, हे उद्या शोधता आलं असतं. घरात चोर शिरलाच नाही हे दिसत असताना, कुत्रं का भुंकलं ते कळेपर्यंत कुणी जेवायचं नाही, असला हा न्याय. मी तसं म्हटलंसुद्धा, जरा चढ्या आवाजात. साहेब म्हणाले, डॉक्टरांचंही तेच मत आहे, त्यांना लेखी हवं आहे की पाणी कशाचं. डॉक्टर तिथेच बसले होते, खिडकीबाहेर बघत. त्यांनी घड्याळही बघितलं.

वर गेले तर काकूंच्या कानावर गेलंच होतं. "काय झालं वो? माह्यं औषध सांडलं म्हणतेत."

"सांडलं नाही काकू. थेंबभरसुद्धा नाही."

"मंग काहून देऊन नाही राहिले?"

साहेबांना पाणी कुठून आलं ते कळलेलं नाही म्हणून, असं त्या आजारी बाईला कुठल्या तोंडाने सांगणार? मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे नहीं, कुछ लीक वीक हुआ है." मी त्याच्यावर खेकसले की काहीही लीक झालेलं नाही. तो चकित होऊन बघत राहिला. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण कुणावर तरी खेकसायचं होतं.

मग ड्रायव्हरला धरलं. रस्त्यात गाडी कुठे उभी केली? कुठेच नाही. काही सांडलं? नाही. पाण्याची बाटली? नाही. गाडी धुतली? नाही. प्रत्येक प्रश्नाला तो जमिनीकडे बघून एकच म्हणे, "मैं कुछू नइ करे हँव दीदी." दोन गार्ड त्याच्या दोन बाजूंना उभे होते, जसा काही तो पळून जाऊन विमानच पकडणार होता. मी विचारत होते तेही पोलिसासारखंच. तो खोटं बोलतोय हे मला दिसत होतं आणि का बोलतोय ते कळत नव्हतं. माझा पारा चढत गेला. शेवटी मी त्याला म्हटलं की तुझ्या या 'कुछू नइ'पायी वर एक बाई महिनाभर भोगणार आहे. त्याने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, गार्डकडे पाहिलं आणि परत मिटलं.

मी पाय आपटत खोलीत आले. ओला खोका टेबलाखाली पडला होता. निदान लेबल कापून ठेवावं म्हणून तो उलटा केला, तर तळाला पिवळसर काहीतरी चिकटलेलं. आधी थर्मोकोलचा चुरा वाटला. नखाने उचलून बोटात चोळला. खरखरीत, टोकदार. धानाचा भुसा.

मुंबईच्या पेटीला धानाचा भुसा कुठून लागणार? तो आमच्याकडचा. आणि आमच्याकडे तो कशाकशाला लागतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी घरच्या लग्नांत बर्फाची लादी यायची ती भुशात लोळवून, पोत्यात गुंडाळून. आम्ही पोरं तो भुसा धुऊन बर्फ चघळायचो आणि दातात तुसं अडकायची. मी तशीच भुसा बोटांवर घेऊन बाहेर गेले. गार्डांना चहा प्यायला पाठवलं. ड्रायव्हरच्या शेजारी पायरीवर बसले आणि विचारलं, "भैया, बरफ कहाँ से लिए?"

त्याने माझ्या बोटांवरच्या भुशाकडे बघितलं. मग म्हणाला, "दवई रिहिस दीदी. अतका घाम मा खराब हो जतिस."

छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन. एवढ्या उन्हात औषध खराब झालं असतं, म्हणून. लसीच्या दिवसांत त्याने गावोगाव लसीचे डबे पोचवले होते. तेव्हा त्याच्या डोक्यात भरवलं होतं की दवाई म्हणजे बर्फ, बर्फ वितळला की दवाई गेली. त्या दिवशी गाडीचा एसी बिघडला. विमानतळाच्या रस्त्यावर एका ठेल्यावरून त्याने स्वतःहून लादीचा तुकडा घेतला, पोत्यात गुंडाळला आणि पेटीखाली ठेवला. गेटवर लोक 'लीक, लीक' ओरडायला लागले तेव्हा पोतं नालीत फेकलं. पेटीला हात लावला म्हणून जेलमध्ये टाकतील असं त्याला वाटलं.

मला हसावं की रडावं कळेना. या आयोडीनला बर्फाची गरजच नसते. पण हे त्याला सांगितलं होतं कुणी? इस्पितळात वरपासून खालपर्यंत सगळे त्या पेटीला 'दवाई' म्हणतात. 'दवाई आई क्या भैया', 'दवाई सँभाल के'. त्याने सांभाळली.

नालीतून पोतं काढवलं, भुशासकट साहेबांच्या खोलीबाहेर ठेवलं. "हे घ्या तुमचं पाणी," मी म्हणाले. साहेबांनी पोत्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पाण्याचा उगम सापडला होता, आणि त्याबरोबर माणूसही. "मतलब ड्राइवर ने छेड़छाड़ की," ते म्हणाले.

मी म्हटलं, छेडछाड नाही, गैरसमज आहे. खोका भिजला एवढीच चूक, ती समजावून सांगता येईल. साहेब म्हणाले, वर रिपोर्ट जाईल त्यात कारवाई काय केली ते लिहावं लागेल. कारवाई नसेल तर मामला उघडा राहील, आणि मामला उघडा असेल तर आयोडीन देता येणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरी झालीच नव्हती, फक्त फाशी शिल्लक होती. मी भांडले. खरंच भांडले, टेबलावर हात आपटून. डॉक्टर म्हणाले, "मेरी ट्रेन है, आप लोग तय कर लीजिए." साहेबांनी माझ्यासमोर वाहतूकवाल्याला फोन लावला आणि याच्या जागी दुसरा माणूस पाठवायला सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाले, "जाइए, अब दे दीजिए."

मी गेले. दुसरं काय करणार होते? डॉक्टरांची गाडी सुटायला आली होती आणि काकू वर बसल्या होत्या.

शिशाच्या पडद्याआडून काकूंनी नळीने ते ओढून घेतलं. वर पाणी प्यायल्या, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "एवढंसं? याच्यासाठी एवढी बोंब?" डॉक्टर निघून गेले. आता काही दिवस काकूंना त्या खोलीत एकटं राहायचं होतं. जवळ कुणी जायचं नाही, बोलायचं ते लांबून, दारातून. मी दार ओढायला लागले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"पोट्टी, सिस्टर सांगून राहिली होती, त्या डायवरनं बर्फ लावून आणलं म्हणते माह्यं औषध. म्हणून शाबूत राह्यलं."

मी दार अर्धं धरून उभी राहिले.

"नौतप्यात कोण करते वो एवढं दुसऱ्यासाठी? मी बाहेर निघाली का त्याले घरी जेवाले बोलावतो म्हण. पुढच्या खेपेले तो येईन तवा सांगजो त्याले. सांगशीन ना?"

"हव काकू," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं. खाली आले तेव्हा गार्ड त्याच्याकडून गाडीची चावी मागून घेत होता, आणि तो मला विचारत होता की दवाई बरोबर पोचली ना.