बाबांचा बांध

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं. बाहेरचा रस्ता दरवर्षी नव्या डांबराने वर चढतो आणि आम्ही होतो तिथेच राहतो. गेटातून आलेल्या पाण्याला दोन वाटा: डावीकडे बेसमेंट पार्किंगचा उतार, उजवीकडे आमचा तळमजला. तळमजला आम्ही माझ्या वडिलांसाठी घेतलेला. अर्धांगवायूनंतर ते व्हीलचेअरवर, आणि वीज गेली की इथली लिफ्ट गेली.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर झाली. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी खुर्चीतून सोसायटीला बांध घालायला शिकवलं. वाळूचं पोतं गच्च भरायचं नाही, थोडं ढिलं ठेवायचं, म्हणजे शेजारच्याला चिकटून बसतं. विटांसारखे सांधे चुकवायचे. दोन्ही वाटांवर पोत्यांची रांग लागली आणि पाणी मधून सरळ मागच्या नाल्याला जाऊ लागलं. सगळे त्यांना 'इंजिनिअर साहब' म्हणू लागले. बाबा फुशारले, आणि खरं सांगायचं तर मीही.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस मी दिल्लीला ऑफिसात होते, नवरा घरून काम करत होता. पाऊस वाढला तसा मी फोन केला. तो म्हणाला, "बाबांचा बांध आहे ना, बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस." मी निर्धास्तपणे फायली उपसत बसले. मूर्ख.

संध्याकाळी पोचले तेव्हा बाबा खोलीत खुर्चीवर होते आणि त्यांच्या पोटऱ्या पाण्यात. पाय गारठून पांढरे पडलेले. नवरा बादलीने पाणी उपसत होता. बांध फुटला म्हणाला. मी बाबांकडे पाहिलं.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," ते म्हणाले.

या माणसाने आयुष्यात स्वतःची चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. आईपुढे तर नाहीच. तरी मला शंका आली नाही. उलट मीच चिडून बोलले, की वय झालं, आता पुरे ही इंजिनिअरकी.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरी उठून माझ्या नवऱ्याचे आभार मानू लागले. "भाईसाहब ने अपनी तरफ़ की बोरियाँ रैंप के लिए दे दीं, तभी सबकी गाड़ियाँ बचीं." टाळ्या पडल्या. दोन टाळ्या मीही वाजवल्या, मग माझे हात थांबले.

घरी येऊन जाब विचारला. उतारावर पोती कमी पडत होती म्हणे, सगळे मागे लागले होते. "आणि अगं, आपली नवी गाडीही खालीच होती ना." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कुणी परक्याने केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

बाबांची खुर्ची कायम खिडकीशी असते. नवऱ्याला पोती उचलताना त्यांनी पाहिलं असणारच. विचारलं, तर म्हणाले, "पाहिलं. पण तुला त्याच्याबरोबर राहायचंय." मी त्यांची माफी मागितली. नवऱ्याला अजून माफ केलेलं नाही.

यंदा वाळू आली तसे सेक्रेटरी विचारायला आले, बांध कधी घालायचा. बाबांनी तब्येतीचं कारण सांगून त्यांना वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "चार पोती माझ्या खोलीच्या दाराशी लाव. तूच लाव."

मी सांधे चुकवत रचायला बसले. नवरा हात लावायला पुढे आला. मी पोतं सोडलं नाही.