निपाणीचा सर्व्हर माझा होता

बेळगावच्या कॉलेजात संगणक विभाग मी सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. निपाणीच्या शाखेतला लिनक्स सर्व्हरही माझ्याच ताब्यात. त्याचा लांबलचक पासवर्ड फक्त मला पाठ. इथं बसून तो टाइप करताना मी आजूबाजूला बघायची. कुणी चोरेल म्हणून नव्हे, कुणी बघतंय की नाही म्हणून.

मग येळ्ळूरची एक पोरगी नोकरीला लागली. साहेबांनी तिला निपाणीच्या सर्व्हरवर माझ्याइतकेच अधिकार असलेलं वेगळं खातं काढून द्यायला लावलं. आठवड्यात तिनं पासवर्डऐवजी चालणाऱ्या संगणकी चाव्यांची जोडी केली: खासगी चावी स्वतःच्या मशीनवर, जाहीर चावी निपाणीत. एक ओळ लिहिली की पासवर्ड न विचारता बाई थेट आत. साहेब म्हणाले, "निपाणीचं आता हिच्याकडंच देऊया काय?" मला जेवण गेलं नाही. तिचं कन्नड माझ्याहून चांगलं, याचाही त्या दिवशी नव्यानं राग आला.

दुसऱ्या दिवशी ती डबा खायला गेल्यावर मी माझीही चावी केली. वर तिला सुचलं नव्हतं ते करायचं म्हणून पासवर्डनं आत येणंच सगळ्यांना बंद केलं. आमच्या विभागाची जुनी सवय, काही अडायला नको म्हणून फोल्डरवर आधीच सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकायची. चावीच्या फोल्डरलाही मी तेच केलं. नव्या चावीनं आत जाता येतं का हे न बघताच सर्व्हरमधून ऐटीत बाहेर पडले.

परत आत जायला लागले, तर परवानगी नाकारली. पाचदा नाकारली. आता पासवर्डही चालेना. निपाणीत शिरू शकणारी एकच चावी उरली होती, तिची. आणि ही व्यवस्था मी स्वतः केली होती.

मी पर्स उचलली तोवर ती डबा खाऊन परतली.

"आक्का, कुठं निघालाय?"

"निपाणीला. बसनं."

"सर्व्हर बसनं उघडतोय व्हय?"

सांगावं लागलं. तिनं आत जाऊन बघितलं. "फोल्डर लई उघडं सोडलंय ओ. कुणीबी त्यात आपली चावी टाकंल. म्हणून सर्व्हर तुमची चावी मानंना." परवानगी फक्त माझ्यापुरती ठेवली तिनं, आणि मी आत गेले.

तेवढ्यात साहेब आले. "काय चाललंय?"

"आक्कांनी पासवर्ड बंद केलाय, सर. आता बाहेरनं कोण अंदाजानं शिरणार न्हाय."

साहेब खूश. निपाणी माझ्याकडंच राहिलं. तिनं चहाडी केली असती तर निदान तिला मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही, म्हणून मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही.