‘ताबेते मिते’ म्हणजे खाऊन बघ

संस्कृत घेऊन बी.ए. झाले आणि देवळाली प्रवऱ्यात घरी बसले. एकाहत्तर सालचा हिवाळा असावा. शेजारच्या घरात एक जपानी जोडपं राहायला आलं. नवरा शेतकऱ्यांना पॉवर टिलर शिकवायला आलेला, म्हणजे मागून दोन्ही हातांनी धरून चालवायचं नांगरणीचं यंत्र. तो दिवसभर रानात असायचा आणि बाई घरात एकटी. मी तिला मराठी शिकवायचं, तिनं मला जपानी, असं आमचं ठरलं.

ती अंगणातल्या फरशीवर खडूनं क्रियापदं लिहायची. ताबेरु म्हणजे खाणं, नोमु म्हणजे पिणं. ‘काकु’ म्हणजे लिहिणं हे ऐकून माझी आई पदर तोंडाला लावून हसली. खातो, खात नाही, खाल्लं, खाल्लं नाही: ताबेमासु, ताबेमासेन, ताबेमाशिता, ताबेमासेन देशिता. मी, तू, ते, कुणीही असो, रूप तेच. संस्कृतातले धातू घोकलेल्या मला हे अगदीच सोपं वाटलं.

मग एक रूप आलं आणि मी अडकले. ताबेरुचं ताबेते, पण नोमुचं नोन्दे, काकुचं काइते, आणि मात्सु म्हणजे थांबणं, त्याचं मात्ते. शेपटं बदलत होती आणि हे रूप वापरायचं कुठं तेच कळेना. बाईला इंग्रजी जेमतेम, मलाही तसंच. कित्येक दिवस मी चिडून घरी यायचे.

एकदा संध्याकाळी आईनं हुलग्याचे शेंगोळे केले. मी वाटीभर घेऊन गेले. बाईनं चव घेतली, डोळे मोठे केले आणि वाटी नवऱ्यापुढं सरकवत म्हणाली, “ताबेते मिते.”

मिरु म्हणजे बघणं, हे मला माहीत होतं. मी तिथंच थांबले. ताबेते, खाऊन. मिते, बघ. खाऊन बघ! शब्दाला शब्द. आमच्यासारखीच ही माणसं जेवण खाऊन ‘बघतात’. मी फरशीवर बसून एकामागून एक रूपं म्हणत सुटले. काइते मिते, लिहून बघ. शिते ओकु, करून ठेवणं. ते शेपूट म्हणजे आमचा ‘ऊन’ होता. बाई टाळ्या वाजवत मान डोलवत राहिली.

पुढं यंत्राचं प्रात्यक्षिक ठरलं. आसपासच्या गावांतले शेतकरी पाटाच्या कडेला जमले, पण पुण्याहून यायचा दुभाषी आलाच नाही. प्रात्यक्षिक ठरवणाऱ्या शेतकी खात्याच्या साहेबांची घालमेल सुरू झाली. बाईनं माझ्याकडं बोट दाखवलं. एवढ्या पुरुषांत मी बोलणार म्हणून वडील जरा घुटमळले, मग म्हणाले, “जा. येतंय ना तुला?”

जपानी माणूस भराभर बोलू लागला. मी म्हटलं, “युक्कुरी इत्ते कुदासाई.” सावकाश सांगा. तो चकित झाला आणि सावकाश बोलू लागला.

मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, “वल्या रानात हे रुततंय का न्हाई, ते इचार त्याला.”

मी रुतण्याचं क्रियापद शोधलं. “शिझुमिमासु का?”

उत्तरात शेवटी एक लांबलचक रूप आलं, ‘काएनाकेरेबा नारिमासेन’. पूर्वी ते ऐकलं की मी घाबरायचे. आता त्याचे तुकडे केले: बदललं नाही तर होत नाही. मी मोठ्यानं सांगितलं, “रुतत नाही. पण रबरी चाक बदलून लोखंडी लावल्याशिवाय जमायचं नाही.”

“मंग बरोबर हाय,” म्हातारा म्हणाला आणि पुढं आला. “मी चालवून बघू का?”

माझं वाक्य तयारच होतं. “त्सुकात्ते मिते मो ई देसु का?” वापरून बघितलं तर चालेल का?

जपानी माणसानं वाकून यंत्राच्या दोन्ही मुठी त्याच्या हातात दिल्या. म्हाताऱ्यानं धोतर खोचलं, यंत्र धडधडलं आणि मातीत सरळ तास काढत तो बांधापर्यंत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगत होते, ही माझी मुलगी.

साहेबांनी पुढच्या हंगामासाठी मलाच दुभाषी म्हणून घेतलं. पुणतांब्याला, सोनईला मी जीपमध्ये पुढं बसून गेले. आणि स्थळं बघायचं काम वडिलांनी आपणहून वर्षभर पुढं ढकललं.