लंगडीची घंटी

पहिलंच सांगतो. भूत, करनी, अंगात येनं — मी यातलं काहीच मानत न्हाई. चौथी शिकलो, अक्षर वाकडं असंल. गोष्ट सरळ हाय.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आदीची. आमी सिद्धेश्वर धरणाकडचे धनगर. त्या साली मेंढरं रोगानं गेली. कळपाम्होरं चालनारी लंगडी मेंढीबी गेली. तिची पितळी घंटी घरी खुंटीला टांगली अन् मेहुण्याला, मारोतीला, घेऊन हिमाचलात रोडवरचा बर्फ काढायच्या कामाला गेलो. निघताना सासू म्हनली, "लेकरू तुमच्या जिवावर सोडून राहिले."

चैत लागला व्हता. कॅम्पातून कामावर जायच्या वाटेत एक मोठा उतार, वर सगळा बर्फानं लादलेला. मजुरांवरचा म्हातारा मेट रोज बजावायचा, "धूप लगने से पहले पार करो." त्या दिवशी मी अडून बसलो. आमच्या काळ्या रानात चिखलाची वाट ऊन चढल्यावरच घट होते... हे मला कोन शिकवनार! बाकी गँग पहाटेच गेली. आमी दोघं निघालो बाराला.

बर्फ वल्या कापसावानी झालेला. पाय गुडघ्यापर्यंत जायचा. वरून लिंबाएवढे गोळे आपोआप घरंगळून राहिले व्हते. मला वाटलं, वितळून राहिलं, बरंच हाय.

मारोती पुढं, मी अजून कडेलाच. तो वीस-पंचवीस पावलं गेला अन् थांबला.

"दाजी, लंगडीची घंटी!"

"काहून भकून राहिला? तिला पुरून चार म्हयने झाले. चल पुढं."

"न्हाई दाजी, तुमच्या मागून वाजून राहिली. बराबर तीच."

"घंटी-फिंटी काई न्हाई! बायकोची आठवन आली का रे?"

"हसा तुमी," म्हनला, अन् सरळ माघारी फिरला. मी शिव्या हासडल्या. तो माझ्याजवळ येऊन टेकला, तेवढ्यात वर धप्प झालं — अन् अख्खा उतार खाली गेला. झाडं, दगडं, सगळं घेऊन. त्याचे पाय जिथं उमटले व्हते तिथं नुसती काळी माती.

मेट म्हनला, देवीनं वाचवलं. गावात मास्तर म्हनला, कान वाजले असतील. बायको म्हनली, लंगडी खाल्ल्या चाऱ्याला जागली. मी एकाचंबी ऐकलं न्हाई. घरी आल्यावर पाहिलं — घंटी खुंटीलाच, वर कोळ्याचं जाळं, जसंच्या तसं.

मारोती आजबी चारचौघांत इचारतो, "दाजी, खरं सांगा, तुमाला घंटी ऐकू आली व्हती का न्हाई?"

इतकी वर्सं न्हाईच म्हनलं. आज लिहून देतो — आली व्हती. त्याच्या आदी मला आली व्हती, पार मानेजवळ. तरी मी त्याला म्हनलं, चल पुढं.

कशाची व्हती, ठाऊक न्हाई. तुमीबी मला देवाभुताचं सांगू नका, मानायचो न्हाई. आता मारोती हे वाचंल. यावं त्यानं. मी घरीच हाय.